सेन्सरच्या नादी लागण्याआधी अर्थ (अर्थिंग) मोजा

आयटीआय करून गॅरेजला लागलेल्या आणि आता मॉडिफाइड गाड्यांच्या कामात शिरणाऱ्या पोट्ट्यांसाठी हे लिहितोय. कूलंट सेन्सर (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान सांगणारा) कुठे असतो, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) काय करतो, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मला ज्यानं तीन दिवस रडवलं, तेवढंच सांगतो.

नवतपा सुरू होता. दुपारी नागपुरात कामठी रोडवरच्या आमच्या शेडमध्ये पान्ह्याला हात लावला की चटका बसायचा. एक जुनी मारुती एस्टीम आली. मालकानं कंपनीचा ईसीयू काढून प्रोग्रॅमेबल ईसीयू बसवून घेतलेला, वायरिंग सगळं नवीन, वरून इंजिन बे चकाचक रंगवलेला. तक्रार अशी की सिग्नलला उभी राहिली की रेडिएटरचा फॅन लागतो, लगेच बंद होतो, परत लागतो. रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) टकटक करत राहतो आणि खरं तापमान मात्र चढत जातं.

लॅपटॉप लावला. 95 अंशांवर फॅन लागला आणि रीडिंग तडक 87 वर. ईसीयूला 90 च्या खाली फॅन बंद करायला सांगितलेलं, म्हणून त्यानं बंद केला. बंद होताच परत 95. आता तुम्हीच सांगा, रेडिएटरभर पाणी एका सेकंदात आठ अंश गार होतं का? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी सेन्सर बदलला.

तोच प्रकार. मला वाटलं लोकल माल असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी ओरिजिनल आणला. तोच प्रकार! मग कुठे सुचलं की तिन्ही सेन्सर गार आणि गरम पाण्यात टाकून त्यांचा रोध मोजावा. (नागपूर साधारण 310 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं पाणी 99 च्या आसपास उकळतं. जवळ थर्मामीटर ठेवा, उकळलं म्हणजे बरोबर शंभर असं धरू नका.) 20 अंशांना अडीच हजार ओहम, 80 ला सव्वातीनशेच्या जवळ. तिन्ही ठणठणीत. म्हणजे मालकाचा पहिला सेन्सरही चांगलाच होता. पाणी तापवायला दहा मिनिटं लागतात, ती मी खर्च केली नाहीत.

मग अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारा जोड, तपासला. मल्टीमीटर बीपवर ठेवला, एक टोक सेन्सरच्या अर्थ वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बीप वाजली. मी निश्चिंत झालो आणि ईसीयूवर संशय घेत बसलो. आणखी एक दिवस गेला.

इथं जरा दमानं वाचा, कारण शंभरातले नव्वद जण याच खड्ड्यात पडतात. बीप मोडवर मीटर वायरीतून जेमतेम मिलिअँपिअरचा करंट सोडतो. तेवढ्यासाठी खराब जोडही चांगला वाटतो. फॅन मात्र 10 ते 15 अँपिअर ओढतो. बोल्टाखाली रंगाचा थर राहिला आणि जोडात एक शतांश ओहमचा रोध आला, तर फॅन चालू होताच तिथं 0.1 ते 0.15 व्होल्ट उभे राहतात. तो शतांश ओहम मीटरला दिसणारच नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो.

आणि 0.1 व्होल्टानं काय बिघडतं? आमच्या ईसीयूत पुल-अप (सिग्नलच्या वायरीला 5 व्होल्ट पुरवणारा रेझिस्टर) 2490 ओहमचा होता. सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो आणि सिग्नलचा व्होल्टही उतरतो, म्हणजे व्होल्ट जास्त दिसला की ईसीयूला इंजिन गार वाटतं. इंजिन गरम असताना सेन्सरचा सिग्नल 0.4 व्होल्टच्या आसपास येतो. त्यात खालून 0.1 मिसळला की ईसीयूला सात-आठ अंश कमी दिसतात. सकाळी गार इंजिनवर सिग्नल दोन व्होल्ट असतो, तिथं त्याच चुकीचा परिणाम जेमतेम दीड अंश. म्हणून गाडी सकाळी शहाणी आणि दुपारी येडी. एरर कोडही येत नाही, कारण रीडिंग चुकीचं असलं तरी शक्यतेच्या कक्षेतच असतं.

आमचे उस्ताद तिसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले. म्हणाले, "काऊन बे, किती सेन्सर बदलशीन? फॅन बंद ठेवून अर्थ मोजून राहिला. फॅन चालू करून मोज ना."

मीटर व्होल्टवर घेतला, काळं टोक ईसीयूच्या अर्थला, लाल सेन्सरच्या अर्थ पिनला. फॅन बंद असताना शून्य. फॅन लागला आणि आकडा 108 मिलिव्होल्टवर गेला. हेडलाइट लावले तर आणखी वर. नवीन वायरिंग करणाऱ्यानं सेन्सरचा आणि फॅनचा अर्थ एकाच थिंबलखाली (वायरीच्या टोकाची रिंग), रंगवलेल्या बॉडीवर आवळला होता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. सेन्सरचा अर्थ बॉडीवरून काढून थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनला नेला. बोल्टाखालचा रंग लोखंड चमकेपर्यंत खरवडला, स्टार वॉशर टाकला, वरून व्हॅसलीन चोपडलं. परत मोजलं, पाच मिलिव्होल्टच्या आत. फॅन लागला, रीडिंग सावकाश उतरलं आणि 90 च्या खाली गेल्यावरच तो थांबला.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. सिग्नलच्या वायरीत रेझिस्टर टाकून ईसीयूला फसवणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. खोटं रीडिंग म्हणजे इंजिन खरंच तापेल तेव्हा ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणार नाही. फॅन थेट बॅटरीला जोडून (डायरेक्ट करून) गाडी घरापर्यंत नेणं ठीक, पण तसंच महिनाभर चालवणं नाही. टेम्परेचर गनवरही डोळे मिटून भरवसा नको. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती कमी दाखवते, काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मारा.

उस्ताद निवडताना गोड बोलणारा शोधू नका. आमचे शिव्या घालतात, पण मीटर माझ्या हातातून कधी काढून घेत नाहीत. लॅपटॉपवर दोन बटणं दाबून "झालं भाऊ" म्हणणाऱ्या ट्यूनरकडून मी काही शिकलो नाही, हे माझं मत, तुमचं वेगळं असू द्या.

आणि घाबरू नका. त्या तीन दिवसांत मला वाटलं होतं की हे काम आपल्याच्यानं होणार नाही, बाप्पा. मालकाकडून सेन्सरचे पैसे उस्तादांनी घेऊ दिले नाहीत, माझ्या पगारातून दोन हप्त्यांत कापले. पहिला हप्ता जूनमध्ये गेला. दोन्ही सेन्सर माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, चालू स्थितीत. एस्टीमवाला कोणी असेल तर अर्ध्या किमतीत देईन.