बाळाचं हिमोग्लोबिन कमी आलंय? फॉलोअपला जाताना काय काय घ्यायचं

आधी एक वही करा. बाळाचा हिमोग्लोबिनचा प्रत्येक आकडा तारखेसकट लिहायचा आणि शेजारी त्या दिवशी बाळ किती आठवड्यांचं होतं तेही, कारण नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाचं जन्मताना साधारण 14 ते 20 (ग्रॅम प्रति डेसिलिटर) असतं, मग आपोआप उतरत 8 ते 12 आठवड्यांत 9-11 वर येतं, ते नॉर्मल. पण तेच 10 पहिल्या दिवशी आलं तर धावपळच. आमची 32 व्या आठवड्यातच जन्मलेली, जन्मानंतर सहाव्या आठवड्यात 8.1 आलं आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं, डॉक्टर शांतपणे म्हणाले कमी दिवसांच्या बाळाचं लवकर आणि जास्त उतरतं, रेटिक, म्हणजे रेटिक्युलोसाइट काउंट, किती ते सांगा. तो रिपोर्ट मी घरी विसरलेले! शरीर नवीन लाल पेशी बनवतंय का ते त्यावरूनच कळतं, म्हणून रेटिक्युलोसाइट काउंट सगळ्यात वर ठेवा. रक्त टाचेतून घेतलं की शिरेतून हेही लिहा, टाचेतलं जरा जास्त दाखवतं.

फाइलमध्ये आई आणि बाळ दोघांचे ब्लड ग्रुप, कूम्ब्स टेस्ट (आईच्या अँटीबॉडी बाळाच्या लाल पेशींना चिकटल्यात का ते बघणारी), बिलिरुबिन (काविळीचा आकडा). आईचा ग्रुप निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर 72 तासांत आईने अँटी-डी इंजेक्शन घेतलं होतं का याची नोंद, ती पुढच्या बाळंतपणाला लागते. डिस्चार्ज कार्डवर रक्त चढवल्याची तारीख आहे ना बघा. आणि हो, एक किलोच्या बाळात सगळं मिळून 80-90 मिली रक्त असतं, त्यातलंच रोज टेस्टला थोडं थोडं जातं, त्यामुळे ‘ही टेस्ट आजच हवी का’ असं विचारायला लाजू नका.

दोन-तीन दिवस आधीपासून बघून ठेवा, पिताना दमून मध्येच सोडतं का, वजन अडकलंय का, श्वास जोरात चालतो का. रंग खिडकीपाशी उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली सगळेच पांढरे दिसतात. श्वास मध्येच थांबला, ओठ निळे पडले किंवा बाळ एकदम मलूल झालं तर फाइल शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आयर्न ड्रॉप्सची बाटलीच सोबत न्या, नुसतं नाव सांगून भागत नाही. कमी वजनाच्या बाळांना बहुतेक किलोमागे रोज 2 ते 4 मिग्रॅ आयर्न देतात, पण एका मिलीत किती आयर्न हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, शिवाय वजन वाढलं की डोस बदलतो, त्यामुळे किती मिली ते दर वेळी लिहूनच घ्या. शी काळी होते त्याला घाबरू नका. घरात मोठं भावंड असेल तर बाटली वर, कुलपात, जास्त आयर्न पोटात गेलं तर ते विषच.

जायच्या दिवशी उपाशी न्यायची गरज नाही. पाजून न्या आणि पायात मोजे घाला, गार टाचेतून रक्त लवकर निघत नाही, मग परत टोचतात.