घरी शिकणाऱ्या मुलांचं लेखन : सहावी ते बारावीचं नियोजन करताना या चुका टाळा

जून जवळ आला की गृहशिक्षण करणाऱ्या घरांमध्ये वर्षाचा तक्ता तयार होऊ लागतो. गणित आणि विज्ञान त्यात सहज बसतात, कारण धडे मोजता येतात. लेखनाचे धडे मोजता येत नाहीत, म्हणून त्या रकान्यात निबंधांची यादी जाऊन बसते: पावसाळ्यातला एक दिवस, माझा आवडता सण, मोबाइल शाप की वरदान. दर आठवड्याला एक. वर्षाअखेरीस चाळीस निबंध होतात आणि त्यातला एकही पुन्हा लिहिलेला नसतो.

माझ्या मते घरच्या लेखनाची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. मूल लिहायला शिकतं ते दुसऱ्या खर्ड्यात, आणि तक्त्यात दुसऱ्या खर्ड्याला जागाच नसते. वर्षाला आठ-दहा विषय पुरे. एका विषयाला तीन आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात गप्पा, टिपणं आणि कच्चा खर्डा. दुसऱ्यात त्यावर बोलून नवा खर्डा. तिसऱ्यात शुद्धलेखन आणि स्वच्छ प्रत. मध्येच पाहुणे आले, मूल आजारी पडलं, तरी तक्ता कोलमडत नाही.

सात वर्षं एका बैठकीत आखणं

सहावीतल्या मुलाचं बारावीपर्यंतचं महिनावार नियोजन करू नका. चालू वर्ष तपशिलात आखा आणि पुढच्या टप्प्यांसाठी एकेक ओळ लिहून ठेवा. सहावी-सातवीत पाहिलेलं सांगणं: वर्णन, घडलेला प्रसंग, एखादी कृती (सायकलचं पंक्चर कसं काढतात, हे न पाहिलेल्याला कळेल असं लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही). आठवीत सारांश, पत्र, बातमी. नववी-दहावीत मत मांडणं आणि परीक्षेचे प्रकार. अकरावी-बारावीत शोध घेऊन लिहिलेला मोठा लेख. एखादं मूल आठवीतही प्रसंगलेखनातच रमलं असेल, तर रमू द्या.

‘अजून दहा ओळी लिही’

सहावीतलं मूल असं लिहितं: ‘आम्ही मंडईत गेलो. तिथे खूप गर्दी होती. खूप भाज्या होत्या. मला खूप मजा आली.’ आपण म्हणतो, एवढंच? अजून लिही. मग ते ‘आम्ही सगळे आनंदाने घरी परतलो’ जोडून मोकळं होतं.

ओळी मागण्याऐवजी प्रश्न विचारा. खूप गर्दी होती म्हणजे तुला नेमकं काय झालं? ते पटकन सांगतं की पुढच्या काकूंची पिशवी सारखी डोक्याला लागत होती, आणि मेथीवाली जुड्यांवर पाणी मारत होती ते सँडलवर उडालं. ‘हेच लिही’ म्हणा. दुसऱ्या खर्ड्यात येतं: ‘मंडईत इतकी गर्दी होती की पुढच्या काकूंची पिशवी सारखी माझ्या डोक्याला लागत होती. मेथीवाली जुड्यांवर पाणी शिंपडत होती, ते माझ्या सँडलवर उडालं.’ तिन्ही ‘खूप’ आपोआप गेले. इथे आईबाबांनी एकही शब्द सुचवलेला नाही, आणि तसा तो सुचवूही नये. सहावी-सातवीची दोन वर्षं एवढंच नीट झालं तरी पुढचा पाया पक्का होतो.

लाल पेनाने पान भरून टाकणं

पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखनाची खूण करू नका. दुसऱ्या खर्ड्यानंतर करा, आणि तीही एकाच नियमाची. शुद्धलेखनाचे १९६२ मध्ये मान्य झालेले आणि १९७२ मध्ये भर पडलेले मिळून १८ नियम आहेत. सात वर्षांत ते आरामात अंगवळणी पडतात, पण एका संध्याकाळी नाही.

एक महिना फक्त हे घ्या: फूल पण फुलाला, वीट पण विटा, मूल पण मुलांना. मुलाने आपल्याच वहीतून असे शब्द शोधून काढायचे. पुढचा महिना शेवटच्या अक्षराचा: पाणी, कवी, गुरू दीर्घ, ‘आणि’ मात्र ऱ्हस्व. त्या महिन्यात बाकीच्या चुकांकडे काणाडोळा करा. ‘केलं’ लिहायचं की ‘केले’, यावरून वाद घालू नका, पण एका लेखात एकच रूप शेवटपर्यंत असावं, हे जरूर पाहा. संवाद मात्र घरात बोलतात तसेच येऊ द्यात, मालवणी असो की वऱ्हाडी.

‘मराठी काय, घरात बोलतोच की’

इंग्रजीतून शिकणाऱ्या घरांत मराठी लेखन सातवी-आठवीच्या सुमारास गळून पडतं. दहावीला मराठी विषय घ्यायची वेळ आली की अस्खलित बोलणारं मूल अर्ज लिहिताना अडखळतं. एकच विषय दोन्ही भाषांत लिहायला लावू नका. ते भाषांतर होतं आणि कंटाळवाणंही. कामं वाटून द्या. मुलाखत, प्रसंग, पत्र मराठीत. विज्ञानाच्या प्रयोगाचा अहवाल इंग्रजीत. पुढच्या वर्षी अदलाबदल करा.

परीक्षेकडे फार लवकर किंवा फार उशिरा वळणं

सहावीपासून जाहिरातलेखनाचे नमुने गिरवणं व्यर्थ आहे. दहावीच्या जानेवारीत पहिल्यांदा प्रश्नपत्रिका उघडणं त्याहून वाईट. राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म लागतो आणि त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात आणि घरून लिहून पाठवायच्या स्वाध्यायाला २० टक्के भार असतो. कोणता रस्ता घ्यायचा ते नववी सुरू होण्याआधी ठरवा, कारण लेखनाचा तक्ता त्यावर अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट, जी हमखास विसरली जाते: मंडळाचा मराठीचा ८० गुणांचा पेपर तीन तास हाताने लिहायचा असतो. टायपिंगची सवय असलेल्या मुलाचा हात तासाभरात भरून येतो. नववीपासून आठवड्यातून एकदा वेळ लावून हाताने लिहायला बसवा. आधी वीस मिनिटं, मग हळूहळू वाढवत न्या.

मूल लिहायलाच बसत नसेल तर

आधी बोलू द्या, तुम्ही उतरवून घ्या आणि त्याचंच बोलणं त्याला वाचून दाखवा. बऱ्याच मुलांची गाडी यानंतर सुरू होते. पण तोंडी उत्तम सांगणारं मूल लिहिताना सतत अक्षरं गाळत असेल, ओळ धरू शकत नसेल, तर त्याला आळशी म्हणू नका. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण ते हातात यायला वेळ लागतो. सातवी-आठवीत शंका आली तर तेव्हाच हालचाल करा.

आईशिवाय वाचकच नसणं

आठवीपासून निदान दोन लेख तरी खऱ्या माणसाला जावेत. गल्लीतला दिवा बंद आहे, तर नगरपालिकेला अर्ज: विषय, तारीख, खांबाची नेमकी जागा, मागणी. वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांसाठी दीडशे शब्द. अनोळखी माणूस वाचणार म्हटल्यावर पाल्हाळ कमी होतो, हे अनेक मुलांच्या बाबतीत दिसतं.

अकरावी-बारावीत उतरवून काढणं

मोठ्या लेखाचा विषय ‘पर्यावरण’ असला की इंटरनेटवरून उचललेले परिच्छेद येणारच. आता तर एआयकडून अख्खा लेख मिळतो. विषयच असा द्या की तो तयार मिळणार नाही. आपल्या गावच्या ओढ्याचं पाणी कधी आटू लागलं? त्यासाठी तीन वयस्कर माणसांशी बोलावं लागेल, जिल्ह्याचं गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) चाळावं लागेल, मराठी विश्वकोशातली नोंद वाचावी लागेल. दोन्ही ऑनलाइन वाचता येतात. नोंद वाचायची, पान बंद करायचं आणि मग वहीत आपल्या शब्दांत चार ओळी लिहायच्या, शेजारी कुठून घेतलं ते. आजोबांनी सांगितलेलं वर्ष आणि गॅझेटिअरमधलं वर्ष जुळलं नाही, तर दोन्ही लेखात ठेवून त्याबद्दल लिहायला सांगा. अशा लेखाला पाच-सहा महिने लागतात, म्हणून तो अकरावीच्या दिवाळीनंतर सुरू करा. बारावीच्या वर्षात त्याला वेळ सापडत नाही.