फुलोऱ्यातील देठ परीक्षण : नमुना घेताना आणि पाठवताना

ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झालेल्या द्राक्षबागा आता टप्प्याटप्प्याने फुलोऱ्यात येत आहेत आणि देठ परीक्षणासाठी, म्हणजे पानाच्या देठातील अन्नद्रव्ये प्रयोगशाळेत तपासून घेण्यासाठी, नमुना घेण्याची हीच वेळ आहे. अहवाल हाती आला की बागायतदार त्यातील आकडे बारकाईने वाचतात. पण ते ज्या देठांवरून निघाले, ते कोणी, कुठल्या पानाचे आणि कसे आणले याची चौकशी क्वचितच होते. नमुना घेण्याचे काम मजुरावर सोपवायचे असेल, तर पहिले दहा-बारा देठ तरी स्वतः काढून दाखवावेत.

एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी नमुना घेताना काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा देठ घेतात. फुलोऱ्यात मात्र घडाच्या समोरचे पान धरावे. पान जुने होत जाते तसे देठातील नत्र, स्फुरद आणि पालाश कमी होत जातात, तर कॅल्शियम वाढत जाते. त्यामुळे शेंड्याकडची आणि बुडाकडची पाने एकत्र झाली, तर प्रयोगशाळेने कितीही काटेकोर काम केले तरी त्या अवस्थेसाठी ठरलेल्या प्रमाणाशी तुलना करण्याजोगा आकडा मिळत नाही. पान तोडल्याबरोबर पाते काढून टाकावे आणि देठ तेवढा ठेवावा, कारण पाते तसेच राहिले तर ते देठातील ओलावा ओढून घेत राहते.

बांधालगतच्या ओळी सोडून, बागेत नागमोडी फिरत, ओळीच्या दोन्ही बाजूंनी मिळून शंभर ते दीडशे देठ गोळा करावेत. एका वेलीवरून एक किंवा दोन देठ पुरेत. वाण, छाटणीची तारीख किंवा खुंट (ज्या मुळावर कलम केले ते) वेगळा असेल तर नमुनाही वेगळा हवा. डॉगरिज खुंटावरील वेली आणि स्वमुळावरील (कलम न केलेल्या) वेली जमिनीतून अन्नद्रव्ये सारखी उचलत नाहीत. बागेचा एखादा पट्टा पिवळा पडत असेल, तर त्याचे देठ चांगल्या वेलींच्या देठांत मिसळू नयेत. दोन्हींचे नमुने स्वतंत्र पाठवले, तर दोन अहवाल शेजारी ठेवून फरक पाहता येतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती फवारणीमुळे. बुरशीनाशकांपैकी मँकोझेबमध्ये मँगनीज आणि जस्त असते, प्रोपिनेबमध्ये जस्त असते आणि बोर्डो मिश्रणात तांबे. देठावर बसलेला हा थर अहवालात वेलीने घेतलेल्या अन्नद्रव्यासारखाच दिसतो. जस्ताचा आकडा भरपूर आला म्हणून जस्त देणे थांबवलेली, आणि तरीही पाने बारीक राहिलेली बाग मी पाहिली आहे. चौकशी केली तेव्हा कळले, की नमुना फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी काढला होता. डाऊनी (केवडा) रोगाच्या भीतीने या दिवसांत फवारण्या लागोपाठ होतात, तेव्हा पुढची फवारणी ज्या दिवशी ठरली असेल, त्याच सकाळी पंप सुरू होण्याआधी देठ काढून घ्यावेत. सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी नुकतीच झाली असेल, तर थोडे दिवस थांबणे बरे.

देठ त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचणार असतील, तर धुण्याचे काम तिथेच सोपवावे. उशीर होणार असेल, तर ते ताजे असतानाच स्वच्छ पाण्यात आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भराभर खळबळून काढावेत. पाण्यात भिजत ठेवू नयेत, कारण पालाश पाण्यात सहज उतरतो. सुकलेले देठ तर मुळीच धुऊ नयेत. जस्ताचा मुलामा असलेली पत्र्याची बादली आणि खताचे हात या कामात चालत नाहीत. प्लास्टिकचे स्वच्छ घमेले घ्यावे.

धुतलेले देठ टिपकागदावर किंवा स्वच्छ सुती कापडावर पसरून सावलीत, वारा लागेल असे सुकवावेत. प्रयोगशाळेत पुढे ते ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाला ओव्हनमध्ये वाळवले जातात, त्यामुळे घरी तव्यावर किंवा उन्हात कडक करण्याची गरज नाही, आणि मिक्सरमध्ये दळण्याची तर नाहीच. छिद्रे पाडलेली कागदी पिशवी वापरावी. प्लास्टिकच्या पिशवीत देठांना घाम फुटतो आणि बुरशी धरते. रात्रभर ठेवावे लागलेच, तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत, बर्फाच्या कप्प्यात नव्हे.

पिशवीवर पेन्सिलीने गट क्रमांक, वाण, खुंट, छाटणीची तारीख, अवस्था आणि शेवटच्या फवारणीतील औषधाचे नाव लिहावे, कारण पेनाची शाई ओलाव्याने पसरते. कुरिअरने पाठवायचे असेल, तर सोमवारी किंवा मंगळवारी पाठवावे. शनिवारी निघालेली पिशवी रविवारभर कुठल्यातरी गोदामात पडून राहते.