वस्तऱ्याची धार राखताना

ज्याने नुकताच बिनाब्लेडचा, म्हणजे स्वतःच्या पात्याचा वस्तरा घेतला आहे, त्याला वाटते की धार दाढीच्या राठ केसांनी जाते. माझ्या मते नवशिक्याची धार त्याआधीच पाण्याने आणि परजताना केलेल्या घाईने जाते.

प्रत्येक दाढीपूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर वीस ते तीस वेळा परजावा. पट्टा ताणलेला असावा, कारण तो मध्ये झोळ खाऊ लागला की धार त्याच्या वळणावर घासून गोलसर होते. पात्याची पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकवून पाठ पुढे व धार मागे अशी ओढ द्यावी, आणि टोकाशी पोचल्यावर पाते उचलून न घेता पाठीवरच उलटवावे. सुरुवातीला मी वेग आणण्याच्या नादात ते धारेवर उलटवले आणि नव्या पट्ट्यात बोटभर लांब चीर पाडली. म्हणून पहिले काही आठवडे अगदी सावकाश परजावे, वेग आपोआप येतो. पात्यावर जोर मुळीच देऊ नये, त्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते.

दाढी झाल्यावर पाते धुताना ते नळाला किंवा भांड्याच्या काठाला लागू देऊ नये, कारण तेवढ्यानेही धारेला खांडा पडतो. मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावे. पाते जिथे मुठीत खिळीने बसवलेले असते, त्या फटीत पाण्याचा एक थेंब हमखास दडून राहतो आणि गंजाची पहिली तांबूस रेघ तिथेच उमटते. तिथे कापडाचे टोक घालून टिपावे आणि वस्तरा काही तास उघडा वाळू द्यावा. बहुतेक वस्तरे कार्बन पोलादाचे असल्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात पात्याला खनिज तेलाचा पातळ हात द्यावाच. खोबरेल कालांतराने खवट होऊन चिकटते, म्हणून ते टाळावे. चामड्याच्या म्यानात वस्तरा ठेवू नये. चामडे ओल धरते.

परजूनही केस ओढले जाऊ लागले, की दगडाची वेळ आली असे समजावे. नियमित वापरात हे काही महिन्यांनी घडते. विळी-सुरीचा खरखरीत दगड चालत नाही. धार शाबूत असेल तर ८००० आणि मग १२००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा; तो जितका मोठा, तितका दगड बारीक) सपाट दगड पुरतो. १००० ग्रिट फक्त खांडा पडलेल्या किंवा कड नव्याने घडवायच्या पात्यासाठी. येथे दिशा उलटी, म्हणजे धार पुढे असते, पण पाठ टेकलेलीच राहते, कारण धारेचा कोन तीच ठरवते. धारेच्या कडेवर मार्करची शाई लावून पाते दगडावर दोनदा फिरवावे आणि उजेडात पाहावे: जिथे शाई शिल्लक आहे, तिथे दगड अजून पोचलेला नाही.

वस्तरा दुसऱ्याला वापरायला देऊ नये. हिपॅटायटिस बीसारखा रक्तातून पसरणारा आजार त्यातून लागू शकतो.