जुनी गाडी घेताय? रोड टॅक्सच्या या चुका टाळा

कागलच्या माझ्या मावसभावाने दिवाळीआधी जुनी गाडी घेतली. निपाणीच्या मामांची, घरच्याच माणसाने वापरलेली, त्यामुळे इंजिन कसं आहे, कुठे ठोकली होती का, हे विचारायचीही गरज नव्हती. पैसे दिले, मामींनी गाडीला हळदकुंकू लावलं, आणि तो गाडी घेऊन आला. मी टॅक्सचं विचारल्यावर त्याने फोनवर आरसी उघडून दाखवली. टॅक्सच्या रकान्यात 'एलटीटी' अशी तीन अक्षरं होती. "लाइफटाइम भरलाय दादा. टॅक्सचा विषयच मिटला."

निपाणी ते कागल हायवेने अर्ध्या तासाचं अंतर. पण मध्ये राज्याची हद्द आहे, आणि गाडी होती केए-२३ पासिंगची. मामांनी भरलेला लाइफटाइम टॅक्स कर्नाटकाच्या तिजोरीत गेलेला आहे. महाराष्ट्राला त्यातला एक रुपयाही मिळालेला नाही. त्यामुळे गाडी कायमची कागलला राहणार असेल तर इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो.

जुन्या गाडीच्या टॅक्समध्ये फसलेली जी माणसं मी पाहिली, त्यातली बहुतेक या तीन अक्षरांपाशीच फसली. वाहनाची नोंदणी देशभर चालते, पण वाहनांवरचा कर घटनेने राज्यांकडे दिलेला आहे. लाइफटाइम म्हणजे त्या राज्यापुरतं लाइफटाइम. गाडी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकली गेली, म्हणजे साताऱ्याची एमएच-११ गाडी सांगलीच्या माणसाने घेतली, तर वन टाइम टॅक्स (म्हणजे इथला लाइफटाइम टॅक्स) पुन्हा भरावा लागत नाही. नंबरही तोच राहतो, फक्त नाव ट्रान्सफर होतं. बेळगाव, निपाणी, म्हापसा, पणजी किंवा दिल्लीहून गाडी आणली, की हिशोब बदलतो.

टोकन देताना टॅक्स न मोजणं

बाहेरच्या राज्यातली गाडी स्वस्त का मिळते, हा प्रश्न स्वतःला आधी विचारा. दिल्लीच्या गाड्यांचं एक कारण सगळ्यांना माहीत आहे: तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. हरित लवादाने ते आणले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केले. तेव्हापासून वयाला आलेल्या गाड्या तिथले लोक मिळेल त्या भावाला काढू लागले. इथे जाहिरातीत भाव दिसतो तो टॅक्सशिवायचा. 'एनओसी मिळेल', म्हणजे मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र मिळेल, एवढं एक वाक्य असतं, आणि पुढचा खर्च कोण करणार हे त्यात नसतं.

टॅक्सचा अंदाज घेताना आणखी एक चूक हमखास होते. भावाने गाडी सव्वातीन लाखांना घेतली होती. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, १० लाखांपर्यंत किमतीच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के दर आहे (डिझेलला १३), हे त्याने कुठूनतरी काढलं आणि ३५,७५० रुपये बाजूला ठेवले. पण टक्केवारी लागते ती गाडी नवी असतानाच्या इनव्हॉइसवरच्या किमतीला. तुम्ही मामांना काय दिलंत याच्याशी आरटीओला देणंघेणं नसतं. इनव्हॉइस होतं ७ लाख २० हजारांचं, म्हणजे सुरुवातीचा आकडा ७९,२०० रुपये. त्यातून गाडीच्या वयाप्रमाणे घट मिळते, आणि उरतो तो टॅक्स. गाडी जितकी जुनी तितकी घट जास्त, पण सुरुवात कुठून होते ते आधी कळलं पाहिजे.

म्हणून मूळ इनव्हॉइसची प्रत विकणाऱ्याकडून व्यवहाराच्या आधी मागा. व्यवहार झाल्यावर ती शोधायला कोणालाही वेळ नसतो. आरटीओत नेमका आकडा विचारून घ्या, तो गाडीच्या भावात मिळवा, आणि मग इथली त्याच मॉडेलची एमएच पासिंग गाडी कितीला मिळते ते बघा. बऱ्याचदा फरक दहा-पंधरा हजारांवर येतो, आणि तेवढ्यासाठी दोन राज्यांच्या आरटीओत हेलपाटे घालण्यात अर्थ नसतो.

'बारा महिने काही होत नाही'

हे वाक्य एजंट सांगतात, ओळखीचे सांगतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये बारा महिन्यांचा उल्लेख आहे हे खरं. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नवीन नंबर घ्यायचा. बदली होऊन आलेला, वर्षभराने परत जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही सवलत कशासाठी आहे ते कळेल. तुम्ही गाडी विकत घेतली आहे. नाव बदलण्यासाठी खरेदीदाराने ३० दिवसांत कळवायचं असतं, आणि तुमचा पत्ता महाराष्ट्रातला असेल तर नावाबरोबर नंबर आणि टॅक्स हे दोन्ही ओघाने आलेच. वर्षभर परराज्याच्या नंबरवर, मामांच्याच नावाने गाडी फिरवणं म्हणजे ती सवलत नव्हे.

उशीर झाला की थकलेल्या टॅक्सवर दरमहा २ टक्के व्याज चढतं. गाडी राज्यात कधी आली याचा पुरावा मागितला जातो. तिथे टोलची पावती, फास्टॅगचं स्टेटमेंट किंवा ट्रान्सपोर्टने आणली असेल तर बिल्टी कामाला येते. ती पहिल्याच दिवशी फाइलला लावा, नाहीतर तारीख सिद्ध करता येत नाही.

नाव न बदलण्यातला दुसरा धोका मामांच्या बाजूचा आहे, आणि तो मला जास्त मोठा वाटतो. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. घरातला व्यवहार असेल तर हे काम जास्तच तातडीने करा. नातं त्यावर अवलंबून असतं.

सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर गाडी घेणं

फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे आपले टीटी फॉर्म, मूळ मालकाच्या सह्या घेऊन कोरे ठेवायचे आणि गाडी दोन-तीन हात फिरवायची, ही पद्धत जुनी आहे. शेवटी ज्याच्याकडे गाडी येते त्याला मूळ मालक दिसतही नाही. मग एनओसी काढायला गेलं की ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवर जातो, आणि तो फोन उचलत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी त्यांच्या ताब्यात आल्याची नोंद होते. डीलरकडून घेत असाल तर ते अधिकारपत्र मागा. ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो.

एनओसी चुकीच्या आरटीओच्या नावाने

परराज्यातल्या गाडीचा रस्ता असा आहे. आधी विकणाऱ्याने ई-चलन भरायचे आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र व फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा. मग फॉर्म २८ वर मूळ आरटीओची एनओसी घ्यायची. त्यानंतर इथे फॉर्म २९, ३० आणि नवीन नंबरासाठी फॉर्म २७ भरायचा, गाडी दाखवायची, टॅक्स भरायचा. मग एमएच नंबर मिळतो आणि नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) पाटी लागते.

यात एनओसी 'महाराष्ट्रासाठी' अशी मोघम मिळत नाही. ती ठराविक आरटीओच्या नावाने असते. तुम्ही राहता पिंपरीत, म्हणजे एमएच-१४ मध्ये, आणि विकणाऱ्याने 'पुणे' म्हणून एमएच-१२ लिहिलं, तर पुन्हा पहिल्यापासून. कागलसाठी एमएच-०९ कोल्हापूर. विकणाऱ्याला आरटीओचा कोड आणि आधारवरचा पत्ता जसाच्या तसा मेसेज करून पाठवा, तोंडी सांगू नका. एनओसी हातात आल्यावर आधी ती ओळ वाचा, आणि ती जुनी होऊ न देता इथे अर्ज करा.

फॉर्मवर लागणाऱ्या चेसिस नंबराच्या ठशाचंही तसंच. भावाने अंगणात गाडी उभी करून गंज आणि धूळ फडक्याने पुसली, नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासत नेली. अक्षरं उमटली, पण '८' आणि '३' सारखेच दिसत होते. दुसऱ्यांदा आधी नंबरावर पेन्सिल घासली आणि वरून सेलोटेप दाबून उचलली, तेव्हा स्वच्छ ठसा आला. ऑनलाइन अर्जात चेसिसचे शेवटचे पाच आकडे लागतात. ते आरसीवरून घेता येतात, पण प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबराशी एकदा ताडून बघाच. तिथे फरक निघाला तर गाडी घेऊच नका.

बीएच नंबरची गाडी

बीएच म्हणजे 'भारत' मालिका, बदलीच्या नोकरीवाल्यांसाठीचा, राज्य बदललं तरी न बदलणारा नंबर. ती सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, आणि आता त्या गाड्या जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. इथे उलटी चूक होते. पांढरी पाटी, नवी गाडी, एकच मालक, त्यामुळे टॅक्स पूर्ण भरलेला असणार असं वाटतं. पण बीएचचा टॅक्स दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरलेला असतो. मुदत संपून सात दिवस झाले की पुढे दिवसाला १०० रुपये दंड. मालकाची बदली झाली, गाडी बंद पार्किंगमध्ये वर्षभर पडली, तर नुसता दंडच छत्तीस हजारांच्या घरात जातो.

डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर बीएच गाडी कोणालाही विकता येते. मात्र तुम्ही स्वतः बीएचसाठी पात्र नसाल (सरकारी नोकरी, किंवा चार-अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीतली नोकरी) तर गाडी राज्याच्या नोंदणीत आणून इथला टॅक्स भरावा लागतो. आरसीवर 'एलटीटी' नसून तारीख आहे का ते बघा. तारीख असेल तर तो टॅक्स तुमच्या डोक्यावर येणार आहे.

हाच नियम पिवळ्या पाटीच्या गाडीला. टूरिस्ट परमिटची गाडी खासगीत करून देतो असं कोणी म्हणालं, तर तिचा टॅक्स वेगळ्या हिशोबाने भरलेला असतो. खासगी करताना वन टाइम टॅक्स लागतो.

पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि उशिराला महिन्याला ५०० रुपये लागतात. त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च वर्षभरातच येणार हे धरून भाव करा.

पैसे कापले, पावती नाही

टॅक्स 'परिवहन'च्या संकेतस्थळावरून भरताना खात्यातून रक्कम गेली आणि पान तिथेच अडकलं, असं होतं. घाबरून दुसऱ्यांदा भरू नका. त्याच संकेतस्थळावर अडकलेला व्यवहार तपासायची सोय आहे. गाडीचा नंबर टाकून स्थिती बघा, एखादा दिवस थांबा. बहुतेक वेळा पावती तिथेच तयार झालेली मिळते. दोनदा भरलेले पैसे परत मिळवायला मात्र अर्ज, बँकेचं स्टेटमेंट आणि चिकाटी लागते.

अर्जच पुढे सरकत नसेल तर या क्रमाने बघा: जुन्या मालकाचा मोबाइल नंबर बदलला आहे का, ई-चलन बाकी आहे का, बोजा अजून दिसतो आहे का, आणि आरसीवरचं नाव व आधारवरचं नाव यात फरक आहे का. मामांच्या आरसीवर नावातलं एक अक्षर वेगळं होतं, त्यात आमचे आठ दिवस गेले.

परतावा सोडून देणं

हा पैसा लोक हमखास विसरतात. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात गेली आणि तिथे टॅक्स भरला, की आधीच्या राज्याकडे उरलेल्या मुदतीच्या टॅक्सचा परतावा मागता येतो. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के दर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. नव्यासारखी गाडी असेल तर रक्कम लहान नसते. इथली नवी आरसी, टॅक्सची पावती आणि जुन्या टॅक्सचा पुरावा जोडून मूळ आरटीओत अर्ज करावा लागतो, आणि त्यात जुन्या मालकाच्या सहीची गरज पडू शकते. म्हणून परतावा कोणी घ्यायचा, हे विक्रीच्या कागदावरच लिहून ठेवा. मामांनी ते मोकळेपणाने भाच्याच्या नावे लिहून दिलं, सहीही तेव्हाच केली.

नवीन नंबर मिळाल्यावर विमा कंपनीला कळवा. मालकी बदलल्यावर पॉलिसी नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात, त्यामुळे तो अर्ज नंबराची वाट न बघता आधीच गेलेला असावा, आणि आता त्यात फक्त नंबर बदलायचा. काचेवरचा फास्टॅगही जुन्या नंबराचा आणि जुन्या मालकाच्या खात्याचा असतो. तो मालकाकडून बंद करवून घ्या आणि नव्या आरसीवर आपल्या नावाचा घ्या.