माळरानावर धावणारा कुत्रा आणि इलेक्ट्रॉनिक कॉलर : वापरायचीच असेल तर कशी वापरावी

रिमोटचे बटण दाबताच कुत्र्याच्या मानेला आवाजाचा, कंपनाचा किंवा विजेच्या झटक्याचा संकेत देणारी इलेक्ट्रॉनिक कॉलर आता आपल्याकडेही ऑनलाइन सहज मिळते. अनेक जण ती हातात पडली त्याच दिवशी कुत्र्याच्या गळ्यात बांधतात आणि त्याच संध्याकाळी मैदानावर बटण दाबू लागतात. ही कॉलर कुत्र्याला नवे काहीही शिकवत नाही. जे त्याला आधीच पक्के येते त्याची दुरून आठवण करून देणे एवढाच तिचा उपयोग आहे. आधीचे शिकवणे झालेले नसेल, तर झटका ही त्या प्राण्याला विनाकारण दिलेली वेदना ठरते, आणि ती का मिळाली हे त्याला कधीही कळत नाही.

या लेखात मी एकच प्रसंग धरून चालणार आहे. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि मराठवाड्याच्या माळरानांवर कारवानी, पश्मी किंवा त्यांच्या संकराचे कुत्रे मोकळे फिरवले जातात. हे कुत्रे नजरेने शिकार हेरणारे आहेत. ससा उठला की ते क्षणात दूर जातात आणि मग हाक त्यांच्या कानात शिरत नाही. याच माळांवर चिंकारा चरतो आणि उन्हाळ्यात टिटवी, माळटिटवी व धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. चिंकारा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि वन्य प्राण्याला पाठलाग करून हाकणेही त्या कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारीतच मोडते. त्यामुळे बोलावताच परतणारा कुत्रा ही अशा ठिकाणी हौसेची बाब राहत नाही. इलेक्ट्रॉनिक कॉलरचा विचार करावा असे प्रसंग फार थोडे आहेत, आणि हा त्यांपैकी एक आहे.

कोणासाठी नाही

घरी एकटा राहिल्यावर भुंकणारा, फटाक्यांना घाबरणारा, पाहुण्यांवर गुरगुरणारा, इतर कुत्र्यांवर धावून जाणारा किंवा घरात लघवी करणारा कुत्रा असेल, तर ही कॉलर घेऊ नये. झटका कोठून आला हे कुत्र्याला कळत नाही. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर जे असेल त्याच्याशी तो त्या वेदनेचा संबंध जोडतो. समोर लहान मूल असेल तर त्याच्या लेखी वेदनेचे कारण मूल ठरते, समोर शेजाऱ्याचा कुत्रा असेल तर तो कुत्रा ठरतो. भीतीपोटी गुरगुरणाऱ्या कुत्र्याला झटका दिल्यास गुरगुरणे कदाचित थांबेल, परंतु भीती वाढेल आणि पुढच्या वेळी तो इशारा न देता चावेल. भुंकल्याबरोबर आपोआप झटका देणाऱ्या कॉलरी तर कोणीच वापरू नयेत, कारण कुत्रा भीतीने भुंकतो आहे की आनंदाने, हे यंत्राला कळत नाही आणि ते सर्वांना सारखीच शिक्षा देते.

सहा महिन्यांखालील पिल्लू, गाभण किंवा पाजणारी मादी, आकडी येणारा, हृदयविकार असलेला किंवा वयोवृद्ध कुत्रा यांच्या गळ्यात ती घालू नये. कुत्रा निरोगी दिसत असला तरी आधी पशुवैद्यांकडून तपासून घ्यावा, कारण हाकेला न येणारा कुत्रा अनेकदा हट्टी नसतो. त्याला नीट ऐकू येत नसते किंवा धावून परत येताना त्याचे सांधे दुखत असतात.

कायदा आणि अभ्यास काय सांगतात

वेल्समध्ये २०१० पासून या कॉलरींवर बंदी आहे. जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये त्यांचा वापर तेथील प्राणीसंरक्षण कायद्याविरुद्ध ठरवला. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि नॉर्वे येथेही त्यांना मनाई आहे. या देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी भारतातून जाताना अशी कॉलर सामानात नेऊ नये. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे तिसरे कलम पाळणाऱ्यावर प्राण्याच्या सुस्थितीची जबाबदारी टाकते, आणि अकराव्या कलमानुसार प्राण्याला अनावश्यक वेदना देणे हा गुन्हा आहे. यातील ‘अनावश्यक’ हा शब्द प्रत्येक वेळी बटणावर बोट ठेवताना लक्षात असावा.

इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी बोलावल्यावर न येणाऱ्या आणि जनावरांच्या मागे लागणाऱ्या ६३ कुत्र्यांचा अभ्यास केला. २०१४ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, अनुभवी प्रशिक्षकांनी कॉलर वापरूनही बक्षीस देऊन शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा सरस परिणाम मिळाला नाही. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये केवळ बक्षिसावर आधारलेल्या प्रशिक्षणाचीच शिफारस केली. जर्मनीतील हानोव्हर येथील २००७ चा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात १४ बीगल कुत्र्यांचे तीन गट केले होते. एका गटाला कृत्रिम सशाला तोंड लावल्याच क्षणी झटका मिळे, दुसऱ्याला हाक न ऐकल्याबद्दल, तर तिसऱ्याला केव्हाही, कारणाशिवाय. पहिल्या गटात ताणाचे संप्रेरक लक्षणीय वाढले नाही, उरलेल्या दोन्ही गटांत ते वाढले. झटका कशामुळे येतो आणि तो कसा टाळता येतो हे कुत्र्याला स्पष्ट नसेल, तर त्याला सतत ताणाखाली राहावे लागते, असा याचा अर्थ आहे. दुसऱ्या गटाला ‘ये’ ही हाक आधी शिकवलेली होती, तरीही त्यांचा ताण वाढला, ही गोष्ट पुढील पद्धत वाचताना विसरू नये.

आधी हाक, मग कॉलर

कॉलर घेण्यापूर्वी किमान दोन-तीन महिने ‘ये’ ही एकच हाक शिकवावी. सुरुवात घरात करावी, मग अंगणात आणि शेवटी मोकळ्या जागी. कुत्रा आला की प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्यावा आणि बहुतेक वेळा त्याला पुन्हा खेळायला सोडावे. हाक म्हणजे खेळ संपला असा अर्थ कुत्र्याने एकदा लावला, की तो येण्याचे टाळू लागतो. आल्यावर कधीही रागावू नये, मग तो कितीही उशिरा आलेला असो.

माळावर जाताना छातीपट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, दहा ते पंधरा मीटरचा हलका दोर बांधावा. तो मानेच्या पट्ट्याला बांधू नये, कारण पूर्ण वेगात दोर ताणला गेला तर मानेला इजा होते. कारवानी आणि पश्मी यांचे डोके मानेहून फारसे रुंद नसल्याने साधा पट्टा त्यांच्या डोक्यावरून सहज निसटतो. त्यांच्यासाठी ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा किंवा नीट बसणारा हार्नेस घ्यावा. अनेक कुत्र्यांच्या बाबतीत एवढ्यावरच काम होते आणि कॉलरची गरजच उरत नाही. लांब दोरावर आयुष्यभर फिरणारा कुत्रा अपुऱ्या शिकवणीचा म्हणवला जातो, पण तो समज चुकीचा आहे. सशाच्या मागे कधीच न गेलेला कुत्रा, मग तो दोरावर का असेना, माळासाठी उत्तम कुत्रा आहे.

बांधणे आणि पातळी ठरवणे

कॉलर आणल्यावर पहिले दहा-बारा दिवस ती बंद ठेवूनच घालावी, म्हणजे कुत्रा तिच्या वजनाशी जुळतो आणि पुढे येणारा संकेत त्या वस्तूशी जोडत नाही. संपर्काची दोन टोके, म्हणजे ज्यांतून झटका त्वचेला लागतो ती धातूची टोके, मानेच्या बाजूला, कानांच्या थोडी खाली यावीत, श्वासनलिकेवर येऊ नयेत. टोके त्वचेला टेकली पाहिजेत, तरीही पट्ट्याखाली बोट सरकले पाहिजे. फार सैल बसल्यास टोके घासून जखम होते आणि झटका कधी लागतो, कधी लागत नाही, म्हणजे कुत्र्यासाठी तो अनिश्चितच ठरतो. कारवानीचे केस आखूड आणि त्वचा पातळ असल्याने आखूड टोकेच पुरतात. दाट केसांच्या कुत्र्यासाठी लांब टोके वापरावीत, पण केस कापू नयेत.

घरात ज्यांच्या हाती रिमोट जाणार आहे त्या प्रत्येकाने आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला तो संकेत अनुभवावा. कुत्र्याची त्वचा आपल्यापेक्षा पातळ असते, त्यामुळे आपल्याला जे किरकोळ वाटते ते त्याला अधिक जाणवू शकते.

पातळी शांत ठिकाणी ठरवावी. शून्यापासून सुरुवात करून एकेक आकडा वाढवावा, प्रत्येक वेळी क्षणिक संकेत द्यावा आणि मध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा. कान किंचित हलला, कुत्रा क्षणभर थबकला, माशी बसल्यासारखे त्याने मान खाजवली किंवा जमिनीकडे पाहिले, की तेथेच थांबावे. तीच त्याची कामाची पातळी होय. कुत्रा ओरडला, मान झटकली, खाली बसला किंवा शेपटी पायांत घातली, तर आपण फार पुढे गेलो आहोत. त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नये. एका कॉलरवरचा आकडा दुसऱ्या कॉलरच्या त्याच आकड्याइतका असेल असे नाही, म्हणून मित्राच्या कुत्र्याची पातळी आपल्या कुत्र्याला लावू नये. पावसात, ओढ्यातून बाहेर आल्यावर किंवा कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर कुत्रा खाऱ्या पाण्यात भिजला असेल, तर तोच आकडा वेगळा जाणवू शकतो. ओल्या मानेवर वीज वापरूच नये.

बटण केव्हा दाबावे

पहिले कित्येक आठवडे केवळ आवाजाचे बटण वापरावे. आधी आवाज, लगेच ‘ये’ आणि आल्यावर बक्षीस, हा क्रम ठेवावा. काही दिवसांत आवाज ऐकताच कुत्रा वळू लागेल. वाऱ्यामुळे हाक न पोहोचणाऱ्या माळावर एवढा संकेत बहुतेक वेळा पुरतो. ऐकू न येणाऱ्या कुत्र्यासाठी आवाजाऐवजी कंपन याच पद्धतीने शिकवता येते, मात्र काही कुत्री कंपनालाच विजेपेक्षा जास्त घाबरतात, म्हणून पहिल्या वेळी बारकाईने पाहावे.

विजेचा वापर करायचाच ठरला, तर तो दोर बांधलेल्या स्थितीतच सुरू करावा. कुत्र्याने सशाकडे पाहिले, कान उभे केले आणि शरीर ताठ केले, की तो निघण्यापूर्वीच ‘ये’ म्हणावे. वळला नाही तर आवाज द्यावा. तरीही वळला नाही तर कामाच्या पातळीवर एकदाच क्षणिक संकेत द्यावा आणि त्याच वेळी दोराने हलकी दिशा दाखवावी. तोंड आपल्याकडे वळताच सर्व थांबवावे आणि आल्यावर उदार हाताने बक्षीस द्यावे. अशा क्रमामुळे कुत्र्याला दोनदा पूर्वसूचना मिळते आणि वीज टाळणे पूर्णपणे त्याच्या हाती राहते. संकेत उशिरा दिला, तर तो कशासाठी होता हे त्याला कळणार नाही.

कुत्रा पूर्ण वेगाने धावू लागला, की शांत जागी जाणवणारी पातळी त्याला जाणवत नाही, आणि नेमक्या याच क्षणी माणसे आकडा झपाट्याने वाढवतात. तसे करू नये. त्या वेळी बटण सोडून द्यावे, कुत्रा परत येईपर्यंत थांबावे आणि पुढच्या वेळी दोर लावूनच जावे. दोनदा दाबूनही फरक पडत नसेल, तर दोष पातळीचा नसून अंतराचा असतो. सशांच्या जागेपासून दूर जाऊन पुन्हा सोप्यापासून सुरुवात करावी. कुत्रा आपल्याकडे येत असताना, तो माणसाजवळ किंवा दुसऱ्या जनावराजवळ असताना, आणि आपल्याला राग आलेला असताना बटणाला हात लावू नये. सतत झटका देणारी सोय बंदच ठेवावी. रिमोट मुलांच्या हाती देऊ नये, आणि दोन कुत्र्यांसाठी एकच रिमोट असेल तर एका वेळी एकाच कुत्र्याच्या गळ्यात कॉलर घालावी.

त्वचा आणि थांबण्याची वेळ

या कॉलरीमुळे मानेवर पडणाऱ्या छिद्रासारख्या जखमांना लोक विजेचे भाजणे समजतात. प्रत्यक्षात त्या बहुधा एकाच जागी तासन्‌तास राहिलेल्या दाबामुळे होतात, म्हणून कॉलर बंद असली तरी त्या होऊ शकतात. कॉलर फक्त सरावाच्या वेळी घालावी, दर तासा-दोन तासांनी थोडी सरकवावी आणि घरी येताच काढावी. ती घालून कुत्र्याला झोपू देऊ नये. रोज मानेवरचे केस बाजूला करून पाहावे, टोके पुसून कोरडी ठेवावीत. पावसाळ्यात गोचिडीच्या चाव्याजवळ टोक टेकत असेल, तर जखम लवकर चिघळते. लाली, ओलसरपणा, केस गळणे किंवा वास दिसल्यास कॉलर त्याच दिवसापासून बंद करून पशुवैद्यांकडे जावे, आणि त्वचा पूर्ण भरून येईपर्यंत मानेला कोणताही पट्टा लावू नये.

कॉलर पाहताच कुत्रा कोपऱ्यात जाऊ लागला, सरावात वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, आवडीचा तुकडा नाकारू लागला किंवा पूर्वीसारखा पुढे न धावता पायांशीच चिकटून चालू लागला, तर ती आज्ञाधारकता नव्हे, भीती आहे. अशा वेळी पातळी कमी करून पाहत बसू नये, कॉलर कायमची बंद करावी. आठवड्यागणिक आकडा वाढवावा लागत असेल, तरीही हेच करावे. उलट सर्व नीट चालले असेल तर वीज काही आठवड्यांतच मागे पडते, बहुतेक फेऱ्यांत आवाजच पुरतो, आणि पुढे कॉलर चार्ज न करता घरी ठेवून केवळ हाक, बक्षीस आणि नव्या माळावर लांब दोर एवढ्यावर फिरता येते.