सहा जणांची खोली, परका देश : या चुका टाळा

टास्मानियाच्या ह्युऑन खोऱ्यात एका छोट्या सेंद्रिय शेतावर स्वयंसेवकांच्या राहण्याचं सगळं गेली सहा वर्षं मी बघते. सगळं म्हणजे तीन बंक बेड असलेली सहा जणांची लाकडी खोली, एक जुनी कॅरॅव्हॅन, दोन शॉवर आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. त्याआधी होबार्टला शिकत असताना सुट्ट्यांमध्ये मी स्वतः अशा अकरा ठिकाणी राहिले. दिवसाला चार ते सहा तास काम, बदल्यात जेवण आणि झोपायला जागा, हा वूफिंगचा रिवाज. १९७१ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला, आता जगभर पसरलेला.

आमच्याकडे पूर्वी जर्मन, फ्रेंच, जपानी मुलं यायची. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा खुला केला. वय १८ ते ३०, वर्षाला १००० जागा, निवड सोडतीने. तेव्हापासून नाशिकची, कोल्हापूरची, पुण्याची मुलंही बॅगा घेऊन दारात उभी राहू लागली. संध्याकाळी ओसरीवर मराठी कानावर पडलं की माझा दिवस सार्थकी लागतो. म्हणूनच हे लिहितेय. चुका सगळ्याच देशांची मुलं करतात, पण काही चुका खास आपल्या आहेत, आणि त्या सांगायला आपलंच माणूस हवं.

न विचारता येऊन धडकणं

होस्टला आधी एवढं विचारा: खोलीत किती जण, दार कुठे उघडतं, रात्री गरम कशाने होतं, संडास किती लांब, जवळचं दुकान किती किलोमीटर. खोलीचा फोटो मागा. मुलांना वाटतं, फुकट राहायला मिळतंय तर एवढं कसं विचारायचं? फुकट काहीच नाही. तुम्ही रोज पाच तास तण काढणार आहात. विचारणारा पाहुणा मला कधीच जड वाटला नाही. न विचारता येऊन तिसऱ्या दिवशी रडणारा मात्र वाटतो, कारण तोवर दुसरी सोय करायला उशीर झालेला असतो.

स्मोक अलार्म झाकणं

आता या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. इथला हिवाळा जुलैत असतो, पाचलाच अंधार पडतो आणि रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. आपल्याकडची तीन मुलं लाकडी खोलीत होती. दिवसभर सफरचंदाच्या झाडांची छाटणी करून आली की रात्री वरण-भात करायची. फोडणीत मोहरी तडतडली, मिरची पडली, की अलार्म किंचाळायचा. दोन रात्री बाकीचे तिघे दचकून उठले, कुरबुर झाली. पाचव्या दिवशी मी चादरी बदलायला गेले तर अलार्मवर शॉवर कॅप चढवलेली. खोलीचं मागचं दार फटीतून वारं येतं म्हणून बॅगा रचून बंद केलेलं.

“ताई, फोडणीपुरतंच लावलं होतं. नंतर काढणार होतो,” त्यांच्यातला मोठा म्हणाला. मुलगा चांगला होता, खोटं बोलत नव्हता. पण तीन रात्री सहा माणसं त्या लाकडी खोलीत अलार्मशिवाय आणि एकाच दारावर झोपली होती.

मी तिघांना बसवलं आणि चिल्डर्सबद्दल सांगितलं. क्वीन्सलंडमध्ये बंडाबर्गजवळचं हे छोटं गाव. फळं तोडायला येणाऱ्या तरुणांचं तिथे एका जुन्या लाकडी हॉटेलात होस्टेल होतं. २३ जून २००० च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली. एका माणसाने लावली होती, पुढे त्याला शिक्षाही झाली. पण १५ जण गेले ते केवळ आग लागली म्हणून नव्हे. अलार्मची यंत्रणा बंद होती. एका खोलीत बाहेर पडायच्या दाराला बंक बेड आडवा लावलेला होता आणि खिडक्यांना गज होते. गेलेल्यांमध्ये ब्रिटिश, डच, जपानी, ऑस्ट्रेलियन अशी मुलं होती. यांच्याच वयाची आणि हेच काम करणारी. त्यानंतर क्वीन्सलंडने स्वस्त निवासांसाठी आगीचे नियम कडक केले. नियम भिंतीवर टांगलेले असतात. अलार्मवरची कॅप मात्र आतला माणूसच काढू शकतो.

मुलं गप्प झाली. मोठ्याने उठून आधी बॅगा हलवल्या.

फोडणी सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. दिवसभर थंडीत राबून आल्यावर फोडणीचं वरण काय असतं ते मला कळतं. आता ओसरीवर पत्र्याखाली मी विजेची शेगडी ठेवली आहे, फोडणी तिथेच होते. जिथे अशी सोय नाही तिथे मी आठवड्याची फोडणी एकदाच, खिडक्या उघड्या टाकून, पंखा लावून करते आणि बरणीत भरून ठेवते. घरीही आई तशीच ठेवायची, पोह्यांवर घालायला. रोज फक्त चमचाभर वर ओतायची. धूर नाही, ठसका नाही, शेजारच्या बंकवर झोपलेल्या मुलीच्या केसांना वास नाही.

आणि नव्या खोलीत शिरल्यावर माझी एक सवय आहे, ती उचला. अलार्मचं टेस्टचं बटण दाबायचं. वाजला नाही तर लगेच होस्टला सांगायचं, उद्या नाही. मग पलंगावर आडवं होऊन डोळे मिटायचे आणि दारापर्यंत चाचपडत जाऊन पावलं मोजायची. दोन दारं असली तर दोन्हीकडे. दोन मिनिटं लागतात. मुलं हसतात, मी हसू देते, पण करून घेते. आणीबाणीचा नंबर ०००.

याच जातीची दुसरी चूक कॅरॅव्हॅनमध्ये होते: थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटवून, खिडक्या लावून ऊब घेत बसणं. बंद जागेत गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं थकवा आलाय, आणि माणूस झोपतो. ती झोप शेवटची ठरू शकते. शेगडी स्वयंपाकासाठी आहे, तीही खिडकी उघडी ठेवून. उबेसाठी रबरी गरम पाण्याची पिशवी घ्या, इथल्या कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळते. पायाशी ठेवली की लोकरीचे मोजे आणि कानटोपी घालून शून्याखालीही झोप लागते. मी स्वतः एक अख्खा हिवाळा कॅरॅव्हॅनमध्ये तसाच काढला आहे.

आल्या आल्या बॅग पलंगावर टाकणं

ही चूक माझी. अजून आठवली की वाईट वाटतं.

शिकत असताना एका सुट्टीत फळं तोडायच्या भागातल्या एका होस्टेलवर रात्री अकराला पोहोचले. आठ जणींची खोली, सगळ्या झोपलेल्या. दिवा लावायला नको म्हणून अंधारातच बॅग गादीवर टाकली आणि तिच्याशेजारीच झोपले. चार दिवसांनी हातावर एका ओळीत तीन गांध्या उठल्या. मला वाटलं डास. तिथून मी सिग्नेटजवळच्या एका आजींच्या शेतावर गेले. त्यांनी मला पाहुण्यांची नव्हे, त्यांच्या लेकीची खोली दिली होती. दोन आठवड्यांनी आजींच्या हातावरही तशीच ओळ.

ढेकूण. मीच नेले होते, बॅगेच्या शिवणीतून. मादी एकदा आली की रोज थोडीथोडी अंडी घालते, आठवड्या-दीड आठवड्यात ती फुटतात, आणि मोठा ढेकूण उपाशीपोटी काही महिने काढू शकतो. आजींना ढेकूण मारणारा माणूस बोलावून दोनदा घर साफ करून घ्यावं लागलं, लेकीची गादी टाकून द्यावी लागली. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून बॅग आधी न्हाणीघरात, फरशीवर. मग हेडलॅम्प लावून गादीच्या शिवणी, चारही कोपरे, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं बघायची. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले, ओल्या बोटाने पुसल्यावर ते पसरले, की ती खोली नको. कात टाकलेली पातळ सालं दिसली तरी नको. खोलीतल्या बाकीच्या जागतील म्हणून संकोचू नका. उजेडाने मोडलेली झोप दुसऱ्या रात्री भरून निघते.

लागण झालीच तर कपडे धुण्याआधी कोरडेच ड्रायरमध्ये कडक तापमानावर अर्धा तास फिरवा. उष्णतेने ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. ड्रायरमध्ये न घालण्यासारख्या वस्तू पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका, घरून आणलेल्या त्या गोळ्या मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी सांगते. दुकानातल्या फवाऱ्यांचंही तेच. औषध फटीत पोचत नाही, ढेकूण शेजारच्या पलंगाकडे सरकतात. घाईच्या उपायांनी हे प्रकरण वाढतंच.

आणि होस्टला त्याच दिवशी सांगा. आपल्याकडे ढेकूण म्हणजे घाण, असा ठपका असतो, म्हणून मुलं लपवतात. ढेकूण स्वच्छ घरातही येतात, प्रवाशाच्या सामानातून येतात. लपवलेले दोन आठवडे सगळ्यांना महागात पडतात.

बाकीच्या, थोडक्यात

ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. सहा माणसांच्या श्वासानेच रात्री खिडक्यांवरून पाणी ओघळतं. त्यात ओल्या जीन्स टांगल्या की महिन्याभरात गादीखाली बुरशी येते. कपडे ओसरीवर, गादी आठवड्यातून एकदा उभी.

मोठी चाकांची सुटकेस आणू नका. ती बंकखाली जात नाही, मग वाटेत राहते, आणि वाट मोकळी का हवी ते वर सांगितलंच आहे.

पहाटे पाचला प्लॅस्टिकच्या पिशव्या चाचपू नका. खोलीतली निम्मी भांडणं या आवाजावरून होतात. कापडी पिशव्या वापरा, सामान रात्रीच भरून दाराबाहेर ठेवा.

घरच्यांशी व्हिडिओ कॉल बाहेर जाऊन करा. आईला चेहरा दिसतो, खोलीतल्या पाच जणांना मात्र सगळं संभाषण ऐकावं लागतं. आणि सहा जणांत दोन मराठी असले तर चारचौघांसमोर तासन् तास मराठीतच बोलत बसू नका. मला मराठी कितीही प्रिय असली तरी लहान खोलीत न समजणारी भाषा बाकीच्यांना परकं करते.

पाणी. इथल्या शेतांवर पावसाचं, टाकीत साठवलेलं पाणी असतं. पाणी वाचवणारा शॉवरही मिनिटाला नऊ लिटरपर्यंत सोडतो, म्हणजे दहा मिनिटांत ९० लिटर. मी जतची, उन्हाळ्यात टँकरची वाट बघत वाढले. बादलीभर पाण्यात डोक्यावरून आंघोळ आपल्याला येते, तीच इथेही करा. होस्टच्या मनातून उतरायचा सगळ्यात जलद मार्ग म्हणजे लांबलचक शॉवर.

सोसत राहणं

एक मुलगी गेल्या वर्षी आमच्याकडे आली, तेव्हा तिचा खोकला थांबत नव्हता. आधीच्या ठिकाणी ती शेडमध्ये, ओल्या भिंतीशेजारी सात आठवडे राहिली होती. काम रोज आठ-नऊ तास. का सोडलं नाही, विचारलं. म्हणाली, दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी लागणारे शेतकामाचे दिवस पूर्ण करत होते. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की १ डिसेंबर २०१५ पासून असं बिनपगारी काम त्यात धरलं जात नाही. पगार, पगाराची पावती, तरच ते दिवस मोजतात. सात आठवडे तिचे वाया गेले आणि छातीही भरली. अर्ज करण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर दहा मिनिटं वाचण्याऐवजी सगळे ऐकीव माहितीवर का निघतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

तास वाढले, जागा सांगितली तशी नसली, तर दुसऱ्याच दिवशी बोला. शांतपणे, एकदा. फरक पडला नाही तर निघा. निघता यावं म्हणून बसचं भाडं आणि शहरातल्या होस्टेलच्या तीन रात्रींचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना हात लावू नका. आमच्याकडे येणाऱ्यांनाही मी हेच पहिल्या संध्याकाळी सांगते आणि होबार्टच्या बसचं वेळापत्रक फ्रिजवर लावून ठेवते.

त्या मुलीला मी खिडकीजवळचा खालचा बंक दिला. तीन आठवड्यांनी खोकला थांबला.